लॅटिन सोशल डान्ससाठी स्नीकर्स कोणते घ्यावेत? (आपल्याकडची फरशी, धूळ आणि उन्हाळा धरून)

गोदाकाठ (नांदेड)

साल्सा-बचाटा शिकायला लागलेल्यांकडून ग्रुपवर सारखा एकच प्रश्न येतो: बूट कोणते घेऊ? दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घालावी.

माझं म्हणणं असं की आधी फरशी बघा, मग सोल बघा. रंग, ब्रँड, कुशन सगळं त्यानंतर.

आपल्या जिल्ह्यांत बहुतेक जण झुंबामार्गे इकडे वळतात. झुंबा मुळात कोलंबियातल्या काली शहरच्या बेतो पेरेझने सुरू केलेला, त्यामुळे त्यात साल्सा, मेरेंगे, कुंबिया असतंच. तिथून गोडी लागते, कुणीतरी पुण्या-हैदराबादच्या सोशलचे (सगळे जमून जोडीदार बदलत नाचतात, ती संध्याकाळ) व्हिडिओ दाखवतं आणि माणूस जोडीने नाचायला शिकू लागतो. पायात मात्र जिमचेच बूट राहतात, आणि ते बहुधा पळायचे असतात.

पळायचा बूट पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. टाचेखाली फोमचा जाड थर, टाच पंजापेक्षा अनेकदा ८ ते १२ मिलिमीटर उंच, टाचेची कड बाहेर पसरलेली आणि खाली खोल नक्षीचं रबर. सोशल डान्सला यातलं जवळपास काहीच लागत नाही. साल्साचं गाणं मिनिटाला साधारण १६० ते २२० ठोक्यांचं, आठ ठोक्यांत सहा पावलं. एवढ्या वेगात पाऊल लहानच टाकावं लागतं, वजन पंजावर ठेवावं लागतं आणि वळताना पंजाखालच्या एका जागेवर फिरावं लागतं. खोल नक्षीचं रबर नेमकं तिथेच फरशीला धरतं. अंग वळतं, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. शिवाय मागे पाऊल टाकताना ती पसरलेली टाच फरशीला अडते, हा त्रास वेगळाच.

बचाटा त्यामानाने संथ. तीन पावलं आणि चौथ्या ठोक्याला टॅप, म्हणजे पाय नुसता टेकवायचा. त्यातली कंबरेची हालचाल पंजा आणि गुडघ्यातून वर येते, पण पाय जाड फोममध्ये रुतला की अर्धी हालचाल फोमच गिळतो. किझोंबा अंगोलातला, तरी आपल्या सोशलमध्ये तोही वाजतो. त्यात जमिनीलगत चालायचं असतं, म्हणून सोल पातळ आणि सपाट असलेला बरा.

आता दुकानात काय मागायचं? बॅडमिंटनचे बूट बरेच जण घेतात, इनडोअर आहेत म्हणून. पण त्यांचं गम रबर कोर्टवर झटकन थांबता यावं अशा बेताने केलेलं असतं. सरळ पावलांना ठीक, गिरकीला जड जातं. कॅनव्हासचे सपाट बूट जास्त उपयोगी. तरी कॉन्व्हर्सचा ऑल स्टार १९१७ साली बास्केटबॉलसाठी निघाला आणि व्हॅन्सचा वॅफल सोल स्केटबोर्डवाल्यांनी डोक्यावर घेतला तो पकडीसाठीच, म्हणून नवे असताना हेही चिकटतात. सोल झिजून गुळगुळीत झाला की मग खरे कामाला येतात. आणखी एक, पूमा स्वेडमधलं स्वेड (डान्सच्या बुटांना खाली लावतात ते केसाळ चामडं) वरच्या भागाचं असतं, खाली रबरच. खाली स्वेड असेल या समजुतीने कुणी तो मागवू नका.

दुकानात एवढं करा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो पंजाच्या सांध्यापाशी, जिथे आपली बोटं दुमडतात तिथेच दुमडला पाहिजे. मग सोलवर अंगठा दाबून सरकवा. अंगठा चिकटून अडखळला तर फरशीवर तेच होणार. शेवटी पायात घालून टाच जरा उचला आणि पंजावर पाव गिरकी घ्या. गुडघा आधी वळला आणि पाऊल मागून आलं तर ती जोडी परत ठेवा. दुकानदार बघतील, बघू द्या. पैसे आपले, गुडघाही आपलाच.

आठवा_ठोका (हिंगोली)

दादा, फार उपयोगी लिहिलंय, धन्यवाद. आमचा सराव गच्चीवर असतो, खाली कोबा. महिन्या-दोन महिन्यांनी सोशल होतो तो मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, तिथे चकचकीत टाइल. दोन्हीकडे एकच जोडी चालेल का? दोन घ्यायची आत्ता ऐपत नाही.

वेरूळची_वाट (छत्रपती संभाजीनगर)

यावर मी लिहितो, कारण या शहरात आम्ही बहुतेक सगळ्या प्रकारच्या फरश्यांवर नाचून झालोय.

कोबा खरखरीत असतो. त्यावर चामड्याचा किंवा स्वेडचा सोल नेलात की लवकरच झिजून जाईल. तिथे कडक रबराचा, नक्षी झिजलेला जुना कॅनव्हास बूट सगळ्यात चांगला. गिरकी अर्धी-पाऊणच घ्या, पूर्ण गिरकी पावलं टाकत घ्या. एका पायावर फिरायचा सराव गच्चीवर करूच नये असं माझं ठाम मत आहे.

जुन्या वाड्यांत, शाळांच्या हॉलमध्ये शहाबादी असते. दगड चांगला, गार राहतो, पण दोन फरश्यांमधला सांधा वर-खाली असतो आणि त्यात बुटाची कड अडकते. नाचायला सुरुवात करण्याआधी एकदा पायाने चाचपून जागा ठरवून घ्या. पॉलिश केलेला कोटा आणि ग्रॅनाइट वेगळ्या तऱ्हेचे. स्वच्छ असताना रबर बरं धरतं, पण बारीक धूळ पडली की त्याच फरशीवर पाय सटकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघड्या, बाहेर काळ्या मातीचं रान, त्यामुळे तासाभरात हॉलभर धुळीचा थर येतो. आम्ही दाराशी ओलसर फडकं अंथरतो. आत येताना प्रत्येकाने सोल पुसायचा, मधल्या सुट्टीत परत पुसायचा. हॉलही सुरुवातीला कोरड्या मॉपने झाडून घेतो.

मंगल कार्यालयातली व्हिट्रिफाइड टाइल सगळ्यात फसवी. पावसाळी दमट हवेत रबर तिला चिकटून किंचाळतं, आणि त्याच टाइलवर स्वेड घालून गेलात तर बर्फावर उभं राहिल्यासारखं होतं. तिथे दोन्हींच्या मधलं काहीतरी लागतं. पुढचा भाग गुळगुळीत, टाच रबरी. म्हणजे पंजावर वळता येतं आणि थांबायचं तेव्हा टाच टेकवली की थांबता येतं. गालिचा असेल तर मात्र एका जागी फिरूच नका, कोणत्याही बुटात.

तेव्हा आठवा_ठोका, तुमच्यासाठी एकच जोडी: सपाट कॅनव्हास. गच्चीवर तशीच घाला. सोशलला जाताना जुन्या सुती मोज्याचा बोटांकडचा भाग कापून टाका आणि उरलेली नळी बुटाच्या पंजावर चढवा, टाच उघडी राहू द्या. बाहेर असे तयार डान्स सॉक्स विकतात, पण घरचा मोजाही तेच काम करतो. मोजा घट्ट बसला पाहिजे, सैल असेल तर गुंडाळी होऊन पायाखाली येईल. आणि त्यावर आधी दहा-पंधरा मिनिटं एकट्याने पावलं करून बघा, मगच जोडीदाराचा हात धरा.

फिजिओ_परभणी

गुडघ्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझ्याकडे नाचणारी मंडळी येतात, झुंबावालीही आणि लग्नाच्या संगीतवालीही.

गुडघा मुख्यतः दुमडण्या-उघडण्यासाठी आहे, त्याला आडवा पीळ फार थोडा सोसतो. आपण वळतो ते खरं तर खुब्यातून आणि पावलाखालून. पाऊल जमिनीला खिळलं आणि वरचं अंग फिरलं की मांडीचं हाड नडगीच्या हाडावर पिळलं जातं. तो पीळ मधल्या कुर्च्यांवर, म्हणजे मेनिस्कसवर येतो, आणि आतल्या एसीएल या लिगामेंटवरही. मैदानी खेळांतही कुणी न धडकता होणाऱ्या गुडघ्याच्या दुखापतींत पाय रोवलेला आणि अंग वळलेलं, हे चित्र सारखं दिसतं. म्हणून "माझे बूट मस्त ग्रिपचे आहेत" असं कुणी कौतुकाने सांगितलं की मी विचारते, वळायला कसे आहेत?

पण दुसऱ्या टोकाला जाऊ नका. फार सरकणाऱ्या सोलमुळे जांघेचा स्नायू ओढला जातो, आणि पडताना माणूस हात टेकतो तेव्हा मनगट जातं. चाळिशीपुढच्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. आपलं पाऊल वळायला जरासा विरोध जाणवला पाहिजे, पण जोर लावावा लागता कामा नये.

सपाट कॅनव्हास बुटाचा एक तोटा कुणी लिहिला नाही. आत आधार जवळपास नसतो. ज्यांना सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच दुखते त्यांनी तसेच घालून दोन-दोन तास फरशीवर नाचू नये. आत तीन-चार मिलिमीटरचा, कमानीला आधार देणारा इनसोल घाला. जेलची जाड गादी नको. ती टाच वर उचलते, मग टाच बुटातून निसटायला लागते आणि आपण नकळत बोटं आवळून नाचतो.

गुडघ्यावर सूज आली, गुडघा मधेच अडकायला लागला किंवा आधार सोडल्यासारखा वाटला तर बूट बदलत बसू नका, आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

लातूरकर_ताई

बायकांसाठी वेगळं लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहिते.

आमच्या क्लासला आधी सांगायचे की फॉलो करणाऱ्यांना, म्हणजे जोडीदाराच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्यांना, हील लागतेच. स्टेजवर, स्पर्धेत ते खरं असेल. सोशलमध्ये रात्री दोन-तीन तास आपण कुणाकुणाबरोबर नाचतो, तिथे हील ही आपली मर्जी आहे. मला अडीच इंची हील येते, आवडतेही, पण टाइलवर मी स्नीकरच घालते आणि माझ्यासोबतच्या बहुतेक जणीही.

फरक मात्र समजून घ्या. हीलमध्ये वजन आपोआप पंजावर असतं. स्नीकरमध्ये टाच आपल्याला उचलावी लागते. नाही उचलली तर पूर्ण तळव्यावर वळायला बघतो आणि वळणच होत नाही. त्यामुळे हीलवरून स्नीकरवर आल्यावर सुरुवातीला गिरकी उशिरा पूर्ण होते. पोटरीचा व्यायाम करा, भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. उंचीही बदलते. डोक्यावरून हात फिरवताना जोडीदाराला आधी सांगितलेलं बरं, "आज मी स्नीकरमध्ये आहे."

आणि मापाचं. आपण चपलांत वाढलेली माणसं, आपला पंजा पसरट असतो. परदेशी जोड्या पुढे निमुळत्या निघतात. लांबी वाढवून रुंदीची भरपाई करू नका, बूट पुढे रिकामा राहतो आणि टाच निसटते. पंजा आत मोकळा, टाच घट्ट, एवढं जमलं की बाकी निभतं.

सिंदफणा (बीड)

स्वेड लावून घ्यायचा विषय निघायलाच पायजे होता. लोक पुण्याहून, ऑनलाइन, कुठून कुठून मागवायलेत. आपल्या बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांकडून हे काम झकास होतं, फक्त काय हवंय ते नीट सांगा.

बूट असा न्या की ज्याचा सोल सपाट आणि सलग रबराचा आहे. फोमचा सोल असला तर गोंद नीट धरत नाही, चार नाचांत चामडं सुटतं. चामडं स्वेड पायजे, दीड-दोन मिलिमीटर जाडीचं, आणि केसाळ बाजू खाली, म्हणजे फरशीकडे. हे दोनदा सांगा, कारण त्यांची सवय गुळगुळीत बाजू बाहेर ठेवायची.

आमचे काका कसं करतात ते लिहितो. बूट लोखंडी तिवईवर उलटा घालतात. पंजाचा भाग खडूने आखतात, बोटांच्या टोकापासून पंजा संपतो तिथवर, टाच तशीच रबरी. मग त्या भागातली नक्षी रापीने छाटून कानशीने घासतात, रबर निस्तेज होईपर्यंत. इथं घाई केली की काम गेलं. चामड्याची आतली बाजूही घासतात. दोन्हीवर फेव्हिकॉल एसआर ९९८ या गोंदाचा पातळ हात, तो वाळला की दुसरा हात. मग थांबायचं. बोट लावल्यावर गोंद बोटाला येत नाही, पण जरा धरून बघतो, तेव्हाच चिकटवायचं. चिकटवल्यावर मधून कडेकडे हातोडीने ठोकत जातात, मधे हवा राहू नये म्हणून. कड बाहेर येऊ देत नाहीत, काठापासून दोन मिलिमीटर आत ठेवतात आणि रापी आडवी धरून उतरती करतात. ही उतरती कड लई महत्त्वाची. उभी कड राहिली तर मागे पाऊल टाकताना फरशीला अडते आणि तिथूनच चामडं उचकटतं.

रात्रभर वजनाखाली ठेवा. दुसऱ्या दिवशी ताराच्या ब्रशने केस उभे करा. झाला डान्सचा बूट. मजुरीत घासाघीस करू नका, हे बारकाईचं काम आहे आणि काकांनी एकदा नीट केलं की पुढच्या सगळ्या जोड्या तेच करून देतात.

जालनावाला

एक सोपा उपाय राहिला. फरशीवर थोडी टाल्कम नाहीतर कॅरमची पावडर टाकली की कुठलाही बूट सरकतो. लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही हेच करतो.

वेरूळची_वाट (छत्रपती संभाजीनगर)

जालनावाला, हे कृपा करून करू नका. पावडर आपल्या पायाखाली राहत नाही, सगळ्या हॉलमध्ये पसरते. कुणाचा सोल चामड्याचा असतो, कुणी हीलमध्ये असतं, कुणी आयुष्यात पहिल्यांदाच आलेलं असतं. तुम्हाला हवी तेवढी सरक त्या सगळ्यांना पाडायला पुरेशी असते. नंतर पाणी प्यायला कुणी ओल्या पायाने आलं तर त्याचा चिखल होतो. हॉलवालाही पुन्हा हॉल देत नाही, आणि आपल्याकडे नाचायला हॉल मिळणं किती अवघड आहे हे तुम्हालाही माहीत आहे.

काय करायचं ते आपल्याच बुटाला करावं. अगदीच वेळ आली तर पंजाखाली कापडी टेपची एक पट्टी लावा. संध्याकाळ निघते. घरी आल्यावर लगेच काढा, उन्हाळ्यात तशीच राहिली तर गोंद सोलवर पाझरतो आणि बूट आधीपेक्षा जास्त चिकटतो.

जालनावाला

दुसऱ्यांच्या पायाचा विचार आम्ही केला नव्हता. पटलं. पुढच्या वेळी मोजा करून बघतो.

गोदाकाठ (नांदेड)

सिंदफणा, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा असा आहे.

खास डान्ससाठीचे स्नीकर मागवायचे की नाही, हे दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून इथेच लिहितो. कॅपेझिओ ही न्यूयॉर्कची १८८७ ची जुनी कंपनी, ब्लॉक ही सिडनीची १९३२ ची. दोघांचे डान्स स्नीकर मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जोड्यांचा सोल मधे तुटक असतो, पंजाचा वेगळा आणि टाचेचा वेगळा. पाय छान वाकतो, पाऊल सुंदर दिसतं. पण लाकडी फ्लोअरवर जे सुख आहे ते आपल्या दगडी फरशीवर मिळत नाही, कमानीखाली काहीच नसल्याने पाय लवकर थकतो. फ्युएगो कंपनीच्या डान्स स्नीकरला पंजाखाली फिरण्यासाठी गुळगुळीत गोल दिलेले असतात आणि सोल सलग असतो. दिसायला रोजच्या स्नीकरसारखे. आपल्या टाइलसाठी मला ही रचना जास्त योग्य वाटते.

पण परदेशातून मागवताना कुरिअर आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, आणि माप बदलून मिळणं सोपं नसतं हेही धरा. माप असं घ्या: संध्याकाळी, नाचताना घालता तेच मोजे घालून, कागदावर उभं राहून दोन्ही पावलांची रेघ काढा. मोठ्या पावलाची लांबी आणि पंजाची सगळ्यात रुंद जागा सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि कंपनीच्या सेंटिमीटरच्या तक्त्याशीच ताडून बघा. आपल्या दुकानातला ७ नंबर यूकेचा असतो, अमेरिकी तक्त्यातला ७ त्याहून लहान निघतो.

पहिलं वर्षभर तरी मी कुणालाही असा महाग बूट घ्यायला सांगणार नाही. कोणत्या फरशीवर जास्त नाचणं होतंय, साल्सा जास्त की बचाटा, लीड करताय की फॉलो, हे ठरायला तेवढा वेळ जातोच. तोवर कॅनव्हास आणि काकांचं स्वेड.

आठवा_ठोका (हिंगोली)

ठरलं, कॅनव्हास घेतो. वेरूळची_वाट दादा, मोज्याची युक्ती घरात टाइलवर करून बघितली, वळायला खरंच हलकं जातं. सिंदफणा, एक विचारायचं होतं. पावसाळ्यात स्वेडचं काय करायचं? आमच्याकडे हॉलच्या दारापर्यंत चिखल असतो.

सिंदफणा (बीड)

स्वेडवाली जोडी घालून रस्त्यावर पाय ठेवायचाच नाही, पावसाळा असो की उन्हाळा. हॉलपर्यंत चप्पल, बूट कापडी पिशवीत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत घाम राहतो आणि बुरशी धरते.

ओलं झालंच तर वर्तमानपत्राचे बोळे आत घालून पंख्याखाली वाळवा. उन्हात नको आणि इस्त्री-हेअर ड्रायर तर नकोच, गोंद सुटतो. पूर्ण वाळल्यावर ताराचा ब्रश एकाच दिशेने मारा. मळ बसून स्वेड काळं-गुळगुळीत झालं असेल तर ब्रशने परत केस उभे राहतात. ब्रश मारूनही चकाकीच राहिली तर ते चामडं संपलं समजा आणि काकांकडून पुढचा तुकडा बदलून घ्या. अख्खा बूट बदलायची गरज नाही.

आणि हिंगोलीत असं काम करणारे काका सापडले तर त्यांची जागा इथं नक्की लिहा. वसमत, कळमनुरीची मंडळीबी विचारायलेत.